निकाल कोण सांगतो? : गीतस्पर्धांचे निवेदक आणि आपली झाडीपट्टी

गाण्याच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याचे नाव लोकांच्या लक्षात राहते. परीक्षकांची नावेही काही वर्षे राहतात. ज्याने ते नाव पुकारले तो मात्र बहुधा विसरला जातो. वास्तविक स्पर्धेच्या मंचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा असणारा तो एकटाच असतो. गायक येतात-जातात, परीक्षक बसून असतात, निवेदक उभा असतो. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आणि वैनगंगेच्या पलीकडच्या गावांतल्या भजन स्पर्धांत पंचवीसेक वर्षे मी माईक हाती धरत आलो आहे. त्यामुळे या उभ्या माणसाबद्दल मला कुतूहल आहे. जगात, देशात आणि महाराष्ट्रात गीतस्पर्धांचे निवेदन कसकसे बदलत गेले आणि त्या बदलाचे पाणी आमच्या मंचापर्यंत कसे पोचले, याचा हा धांडोळा.

आमच्याकडची स्पर्धा म्हणजे खंजिरी भजनांची. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत (१९८२ पर्यंत हा एकच चंद्रपूर जिल्हा होता) राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची मंडळे गावोगावी आहेत. महाराजांना ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरच्या उठावानंतर इंग्रज सरकारने चंद्रपुरातच अटक केली होती, तेव्हा हा वारसा आमच्यासाठी पुस्तकातला नाही. धानाची कापणी आटोपली, भाऊबीज झाली की मंडईचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज-वडसा येथून नाटक मंडळ्या निघतात, कुठे दंडार, कुठे खडी गंमत, आणि कुठे रात्रभराची भजन स्पर्धा. अशा स्पर्धेतला अनाउन्सर, आमच्याकडे त्याला हेच म्हणतात, नुसते निवेदन करत नाही. मंडळांचा क्रम तोच पुकारतो. देणगीदारांची नावे वाचतो. रस्त्यात आडवा लावलेला ट्रॅक्टर काढायला सांगतो. हरवलेल्या पोराच्या आईला मंचाजवळ बोलावतो. पहाटे परीक्षकांचा कागद हातात आला की निकाल सांगतो, आणि मग त्याच रस्त्याने, कधी कधी हरलेल्या मंडळाच्याच गाडीत बसून, घरी जातो.

या शेवटच्या गोष्टीत त्या कामाचे मर्म आहे. माझ्या मते स्पर्धेच्या निवेदकाची कामे तीन : हिशेब चोख ठेवणे, गावांची आणि माणसांची नावे नीट उच्चारणे, आणि हरणाऱ्याला मानाने घरी पाठवणे. बाकी सारी सजावट. जगभरच्या निवेदकांना याच तीन कसोट्या लावून पाहता येतात.

दूरचित्रवाणीवरच्या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धांमध्ये सर्वांत जुन्यांपैकी आणि सर्वांत नावाजलेली म्हणजे युरोपातली युरोव्हिजन. ती २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सुरू झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी पाठवली होती आणि निवेदक होते लोहेनग्रिन फिलिपेल्लो. पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टला नवी पद्धत आली. प्रत्येक देशातले परीक्षक आपापल्या देशात बसत आणि गुण टेलिफोनवरून कळवत. निवेदिकेने ते ऐकायचे, दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगायचे आणि फलकावर चढवून घ्यायचे. म्हणजे युद्धाच्या जखमा अजून ओल्या असलेल्या देशांमध्ये फोनवर बोलणारी ती मध्यस्थ झाली. गंमत म्हणजे १९५७ पासून १९७७ पर्यंत सलग एकवीस वर्षे हे काम दर वर्षी एकट्या बाईने केले. त्यांत वृत्तनिवेदिका होत्या, नटी होत्या, १९७६ साली तर १९५७ ची विजेती गायिका कोरी ब्रोकेन हीच निवेदिका होती. पॅरिसला १९७८ मध्ये प्रथमच दोघांनी, एक स्त्री आणि एक पुरुष, मिळून सूत्रे सांभाळली. पुढे हळूहळू जोड्यांची आणि नंतर तिघा-चौघांची चाल पडली.

त्या एकवीस वर्षांतले सर्वांत मोठे नाव केटी बॉइलचे. इटलीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेल्या या बाईंनी १९६०, १९६३, १९६८ आणि १९७४ अशी चार वेळा स्पर्धा सांभाळली. त्यांतले १९६३ चे वर्ष आमच्यासारख्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे. लंडनमधल्या त्या स्पर्धेत नॉर्वेच्या प्रतिनिधीने गुण सांगताना घोळ घातला. बॉइलबाईंनी त्याला थांबवले आणि शेवटी पुन्हा फोन करण्याचे ठरले. दुसऱ्यांदा गुण आले ते पहिल्यापेक्षा वेगळे होते. त्या फरकाने स्वित्झर्लंड मागे पडले आणि डेन्मार्क ४२ विरुद्ध ४० अशा दोन गुणांनी जिंकले. यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वाद घालणाऱ्यांजवळ घालण्यासारखा पुरावा होता, कारण दोन्ही वेळचे आकडे साऱ्या युरोपने कानांनी ऐकले होते. हिशेब उघड्यावर झाला की संशयालाही शिस्त लागते.

हे मी आमच्याकडेही पाहिले आहे. मी नवखा असताना वैनगंगेकाठच्या एका गावी आमच्या भागातले एक वयस्क गुरुजी निवेदन करत होते. पहाटे चारला परीक्षकांचा कागद आला. गुरुजींनी चष्मा लावून तो वाचला आणि निकाल सांगण्याऐवजी मंडपाला म्हणाले, "पानी प्याले चाला, मंग निकाल आयका. तोवर कोनी रागात घरी जाऊ नोका." बेरीज चुकलेली त्यांच्या ध्यानात आली होती. पंधरा मिनिटांनी ते माईकवर आले आणि प्रत्येक मंडळाचे तालाचे, सुराचे, शब्दोच्चाराचे गुण एकेक करून मोठ्याने वाचले, मोठ्यानेच बेरीज केली. दुसरे आलेले मंडळ पहिले झाले. जे पहिले म्हणून आत कुजबुज झाली होती ते दुसरे झाले. कोणी खुर्ची उचलली नाही. गुरुजींनी केटी बॉइलचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. पण काम तेच होते.

युरोव्हिजनमधली आणखी एक गोष्ट मला आमच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. डब्लिनला १९७१ मध्ये स्पर्धा झाली तेव्हा निवेदिका बर्नाडेट नी गॅलाखोर यांनी इंग्रजी-फ्रेंचच्या बरोबरीने आयरिश भाषा मंचावर आणली. त्या भाषेत रोजचे व्यवहार करणारी माणसे आयर्लंडातही थोडीच. पुढच्या वर्षी आयर्लंडने स्पर्धेत गाणेही आयरिशमध्ये पाठवले. ते जिंकले नाही. तरी जी भाषा घरात आणि बाजारात आक्रसत होती, ती खंडभरच्या माणसांनी दिवाणखान्यात बसून ऐकली. ती माईकवर येण्यासाठी तिला जिंकावे लागले नाही, कोणीतरी ती बोलावी लागली.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे गीतस्पर्धेच्या निवेदनाची घडण दूरचित्रवाणीवर झाली नाही, रेडिओवर झाली, आणि तीही परक्या देशाच्या. केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली होती. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरली. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि निवेदक होते अवघ्या विशीतले अमीन सयानी. आरंभी कार्यक्रमाचे स्वरूप कोड्याचे होते : सात गाणी, श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पत्राने कळवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत पोचली. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर १९५४ च्या सुमारास गाण्यांची लोकप्रियतेनुसार उतरंड लावण्याची पद्धत आली. त्या उतरंडीच्या पायऱ्यांना सयानींनी 'पायदान' हा शब्द दिला.

सयानींची भाषा कुठून आली हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. नव्याने वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी सोप्या हिंदुस्तानीत लिहिलेला तोच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापला जाई. त्या कामात मुलगा हाताखाली तयार झाला. म्हणून त्यांची हिंदी पंडिताची नव्हती आणि मौलवीचीही नव्हती. माझे वडील सांगत की बुधवारी रात्री बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या कामगारांत तेलुगू बोलणारा, छत्तीसगढी बोलणारा आणि आमचा झाडीतला गडी एका ट्रान्झिस्टरभोवती बसे आणि कोणालाच शब्द अडत नसे.

नावे उच्चारण्याच्या कसोटीचे सर्वांत लखलखीत उदाहरणही त्याच काळातले. तेव्हाच्या बिहारमधले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे लहानसे गाव. तिथले श्रोते फर्माइशीची पत्रे सारखी पाठवत आणि रेडिओवरचे निवेदक त्यांची नावे गावासकट वाचत. पुढे देशाला त्या खाणींचा विसर पडला, पण गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. निवेदकाने एखाद्या गावाचे नाव प्रेमाने घेतले की ते गाव लोकांच्या मनातल्या नकाशावर उमटते. हे सामर्थ्य मंत्र्यांच्या दौऱ्यातही नसते.

खासगी वाहिन्यांचा काळ सुरू झाल्यावर १९९३ मध्ये झी टीव्हीवर गजेंद्र सिंह यांची 'अंताक्षरी' आली. अन्नू कपूर हे तिचे कायमचे सूत्रधार. त्यांच्या सोबतीला दुर्गा जसराज, रेणुका शहाणे, पल्लवी जोशी अशा सहनिवेदिका वेळोवेळी आल्या. दुर्गा जसराज या व्ही. शांताराम यांची नात. म्हणजे या हिंदी मंचावर मराठी घरांतल्या मुली पहिल्यापासून होत्या. मग १ मे १९९५ रोजी 'सा रे ग म' सुरू झाले. निवेदक होता सोनू निगम, जो स्वतः पार्श्वगायनात पाय रोवू पाहत होता. ही भारतीय तऱ्हा वेगळीच. युरोपात निवेदिका बहुधा वृत्त किंवा अभिनयाच्या क्षेत्रातली असे. आपल्याकडे सोनू निगम, नंतर शान, पुढे आदित्य नारायण, असे गायकच निवेदक झाले. स्पर्धकाचा सूर हलला तर त्याला काय होत असेल हे निवेदकाला स्वतःच्या गळ्यावरून कळे. समोर परीक्षक म्हणून नौशाद, खय्याम यांच्यासारखी माणसे असत. गुण ते देत, आणि हरलेल्या मुलाशी दोन शब्द निवेदक बोले. १९९६ मध्ये दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'मध्ये सुनिधी चौहान विजेती ठरली तेव्हा तिथेही सूत्रे अन्नू कपूर यांच्याकडेच होती.

या साऱ्या घडीला २००४ मध्ये मोठी कलाटणी मिळाली. इंग्लंडमध्ये २००१ साली निघालेल्या 'पॉप आयडॉल'चा साचा घेऊन 'इंडियन आयडॉल' आले. मिनी माथुर आणि अमन वर्मा निवेदक होते, आणि मार्च २००५ मध्ये आपला अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. आता निकाल परीक्षकांच्या कागदावर नव्हता, मोबाईलच्या संदेशांत होता. त्याबरोबर निवेदकाची तिन्ही कामे पालटली. हिशेब दिसेनासा झाला. कोणाला किती मते पडली ते बहुधा सांगितले जात नसे. नावे उच्चारण्याचे रूपांतर मते मागण्यात झाले. आणि हरणाऱ्याला निरोप देण्याच्या जागी एक नवी चीज आली : लांबवलेली शांतता. तीन मुले रांगेत उभी, ढोलाचा ठोका, निवेदक नाव घेणार एवढ्यात जाहिरात. ज्या क्षणी माणसाला आधार द्यायचा, तोच क्षण विकायला काढला गेला.

या मतदानात आमचा वाटा किती? चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्याच्या धुराड्यांच्या पलीकडच्या खेड्यांत मात्र त्या वर्षांत तासन्‌तास भारनियमन असे, आणि एटापल्ली-भामरागडच्या कित्येक गावांत मोबाईलचा टॉवर नव्हता. ज्याच्याकडे वीज आणि संपर्क, त्याचेच मत. गावागावांत, प्रांताप्रांतांत चढाओढ लागली. २००७ मध्ये दार्जिलिंगचा गोरखा तरुण प्रशांत तमांग विजेता झाला. त्याच्यासाठी डोंगरातल्या लोकांनी वर्गण्या काढून संदेश पाठवले होते. त्यानंतर एका रेडिओ निवेदकाने गोरखा समाजाला हिणवणारी थट्टा केली आणि सप्टेंबर २००७ अखेर सिलिगुडीत दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले. माईकवरच्या एका वाक्याची किंमत किती असू शकते याचा याहून कठोर धडा नाही. त्याच वर्षी 'सा रे ग म प'च्या मंचावर पाकिस्तानचे अमानत अली आणि मुसर्रत अब्बास गात होते, आणि आदित्य नारायण त्यांचा परिचय इतर स्पर्धकांसारखाच करून देत होता. एकाच वर्षात माईकने दरी खणलीही आणि बुजवलीही.

मराठीत या काळाचा चेहरा म्हणजे पल्लवी जोशी. झी मराठीच्या 'सा रे ग म प'मध्ये आणि विशेषतः २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये त्यांनी स्पर्धेचे घर करून टाकले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे. ही नावे गावांसकट महाराष्ट्राला पाठ झाली ती मुलांच्या गळ्यांमुळे, पण निवेदिकेच्या मायेमुळेही. मूल रडवेले झाले की त्या प्रश्न विचारायचे थांबत. पुढे 'सूर नवा ध्यास नवा'मध्ये कवयित्री असलेल्या स्पृहा जोशी, २०२१ च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये मृण्मयी देशपांडे, 'इंडियन आयडॉल मराठी'मध्ये स्वानंदी टिकेकर अशी ही परंपरा मुख्यतः स्त्रियांनीच चालवली.

याचा आमच्यावर झालेला परिणाम मला कृतज्ञतेने नोंदवायचा आहे. आमच्या भजन स्पर्धांत महिला मंडळे जुनी आहेत, पण माईक पुरुषाच्या हातात असे. रात्रभराचे काम, गर्दी, आरडाओरडा, तिथे बाई कशी उभी राहील, असा सूर होता. 'लिटिल चॅम्प्स'नंतरच्या दोन-तीन हंगामांत बारावीतल्या, अध्यापक विद्यालयातल्या मुली पुढे आल्या. मीच अशा चौघींना माईक धरायला शिकवला. युरोपात जे १९५७ साली झाले ते आमच्या मंडपात पन्नास वर्षांनी झाले, पण झाले.

दुसरा परिणाम मात्र डोळ्यांत खुपतो. आमच्या मुला-मुलींनी पल्लवीताईंची माया घेतली, तशीच ती लांबवलेली शांतताही घेतली. आज गावच्या स्पर्धेत निकालाआधी की-बोर्डवाला ठोका देतो, अनाउन्सर "आणि विजेता आहे..." म्हणून दम धरतो, हरलेली मंडळे उभीच राहतात. गुण वाचून दाखवण्याची रीत मागे पडते आहे, कारण पडद्यावर कोणी ते वाचत नाही. आणि भाषा! झाडीबोलीत 'ण' नाही, 'न' आहे. 'श' चा 'स' होतो. घरात "पानी" म्हणणारी मुलगी माईकवर "पाणी" म्हणताना अडखळते, मग अडखळू नये म्हणून सरळ हिंदी-इंग्रजीचा आसरा घेते. प्रमाण मराठीला माझा विरोध नाही. हा लेख मी तिच्यातच लिहितो आहे. पण ज्या मंडपात ऐकणारा प्रत्येक जण झाडीबोलीत हसतो आणि रडतो, तिथे धीराचे दोन शब्द उसन्या भाषेत का द्यावेत? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला लिखित प्रतिष्ठा मिळवून दिली. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकात आणि ग्रंथात ही बोली ताठ उभी आहे. निवेदनात तिची मान खाली का?

आमच्या जिल्ह्यांत मराठीशिवायही पुष्कळ आहे. भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीला छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली. माडिया-गोंडांचे रेला ऐकले की स्पर्धेबाहेरचेही एक जग दिसते. एक जण ओळ टाकतो, हातात हात गुंफलेली रांग ती उचलते. तिथे पहिला नंबर नाही, म्हणून निकाल नाही, म्हणून निवेदकही नाही. स्पर्धेत मात्र निवेदक लागतोच, कारण कोणीतरी हरणार असते. गडचिरोली हे नाव राज्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा चकमकीच्या बातमीत उच्चारले जाते. ते नाव गाण्याच्या मंचावरून, गाणाऱ्याच्या नावापुढे, सरळ आवाजात उच्चारले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मुंबईच्या मंचावर ते कधी आणि कसे होईल हे आपल्या हाती नाही. आपल्या मंडपात करणे हाती आहे.

यंदाच्या मंडईच्या हंगामासाठी म्हणून आम्ही काही अनाउन्सर मंडळींनी आपसांत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. गुणांचा तक्ता निकालाआधी मोठ्याने वाचायचा. प्रत्येक मंडळाचे नाव गावासह, त्या गावचे लोक म्हणतात तसेच घ्यायचे. कोणाचे गाव माडियात किंवा तेलुगूत बोलत असेल तर स्वागताचे एक वाक्य त्यांना विचारून त्यांच्या भाषेत बोलायचे. आणि निकाल शेवटच्या क्रमांकापासून नव्हे, पहिल्यापासून सांगायचा, म्हणजे ताणून धरायला काही उरत नाही. ज्यांना बक्षीस नाही त्यांना आधी चहा द्यायचा, कारण त्यांची गाडी बहुधा लांबच्या गावाला जायची असते.